टेक्सास ते कॅरोलायना: त्या त्या भागातलं अस्सल बार्बेक्यू कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की इंदूरहून मुलाकडे ह्यूस्टनला जाताय, तिथून सगळे मिळून गाडीने उत्तर कॅरोलायनापर्यंत जाणार आहात. वाटेत प्रत्येक भागातलं चांगलं बार्बेक्यू खायचंय, पण घरातले दोघं गोमांस आणि डुकराचं मांस खात नाहीत, आणि नेटवर पाहावं तर प्रत्येक दुकान ‘सर्वोत्तम’. नोकरीमुळे मी काही वर्षं टेक्सासातल्या ऑस्टिनला होतो, आता इथेच सुदामा नगरात असतो. विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

दुकानाचं नाव शोधण्याआधी लाकूड शोधा. विजय नगरच्या हॉटेलांत बार्बेक्यू म्हणून टेबलाच्या मधोमध शेगडी येते आणि सळईवरचं पनीर-चिकन पाच मिनिटांत खरपूस होतं. अमेरिकेच्या दक्षिणेतली पद्धत याच्या अगदी उलट. तिथे मांस आचेपासून लांब, साधारण ११० ते १३५ अंश सेल्सियसच्या गरम धुरात तासन्‌तास ठेवतात. ब्रिस्केट, म्हणजे गुराच्या छातीचा चिवट भाग, तयार व्हायला बारा तास किंवा जास्तही लागतात. चिवटपणा ज्या कोलॅजनमुळे असतो, ते मंद आचेवर हळूहळू विरघळून जिलेटिन होतं, तेव्हा कुठे मांस बोटांनी तुटतं. घाईला इथे जागाच नाही. गोवऱ्यांवर भाजलेला कणकेचा बाफला आणि ओव्हनमधून काढलेला बाफला आपण पहिल्या घासाला ओळखतो ना, तेवढाच फरक लाकडाच्या भट्टीत आणि गॅसच्या कपाटात पडतो.

म्हणून कुठल्याही नव्या गावात मी आधी दुकानाच्या मागे काय आहे ते बघायचो. फोडलेल्या लाकडांचा ढीग, काळवंडलेलं धुराडं, पार्किंगमध्येच येणारा वास. हे घरबसल्याही कळतं. नकाशावर दुकान उघडा, तारे बाजूला ठेवा आणि लोकांनी टाकलेले फोटो चाळा. लाकडाचा ढीग, विटांची किंवा लोखंडी भट्टी, कागदावर ठेवलेलं मांस दिसलं तर थांबायला हरकत नाही. फोटोत नुसते कॉकटेल आणि बर्गर असतील तर पुढे चला. दुकानात पोचल्यावर विचारायचा पहिला प्रश्नही तोच: कुठलं लाकूड जाळता? ज्याची भट्टी खरी, तो माणूस खुशीने सांगतो आणि बरेचदा मागे नेऊन दाखवतोही. याचं उत्तर भागाभागाप्रमाणे बदलतं. मध्य टेक्सासात पोस्ट ओक, पश्चिम टेक्सासात मेस्कीट (आपल्याकडच्या विलायती बाभळीची जातभाई), मेंफिस आणि केंटकीकडे हिकरी, कॅरोलायनात ओक किंवा हिकरी.

दुसरी खूण मेन्यूची. टेक्सासचं ब्रिस्केट, मेंफिसच्या रिब्स (डुकराच्या बरगड्या) आणि कॅरोलायनाचं पोर्क हे सगळं एकाच पाटीवर असेल, तर माझ्या मते ते दुकान कुठल्याच भागाचं नाही. चांगल्या ठिकाणी चार-पाच पदार्थ असतात आणि त्यातला एखादाच जीव तोडून केलेला असतो. तोच मागा.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि आपण इंदूरची माणसं इथेच गडबडतो. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीच्या सवयीने आपल्याला वाटतं की खाण्याची खरी जत्रा रात्री. तिथे रात्रभर भट्टी जळते, सकाळी मांस उतरतं आणि संपेपर्यंतच विकलं जातं. वेळेच्या पाटीवर ‘संपेपर्यंत’ असं लिहिलेलं असणं ही फार चांगली खूण. दुपारी दोननंतर पोचलात तर नावाजलेल्या ठिकाणी मनासारखं काही उरलेलं नसेल. तेव्हा बार्बेक्यू हे दुपारचं जेवण समजा आणि अकराच्या आत रांगेत लागा.

आता तुमच्या वाटेवरचं. ह्यूस्टनहून अडीच-तीन तासांवर लॉकहार्ट आहे. टेक्सासच्या विधिमंडळाने या गावाला राज्याची बार्बेक्यू राजधानी ठरवलंय. इथली परंपरा जर्मन आणि चेक खाटिकांची: दिवसाअखेर उरलेलं मांस धुरावर ठेवायचं, सॉसेज करायचे आणि गिऱ्हाइकाला कागदात बांधून द्यायचे. क्रॉइट्झ मार्केट हे दुकान १९०० पासून आहे, ब्लॅक्स १९३२ पासून. क्रॉइट्झ १९९९ मध्ये नव्या इमारतीत गेलं आणि जुन्या जागेत स्मिटीज सुरू झालं. स्मिटीजमध्ये आत शिरताच जमिनीलगत उघडी आग दिसते. तिच्याजवळून जाऊनच मांस घ्यावं लागतं, आणि ती भिंतींवर बसलेली काजळी बघण्यासाठी तरी जाच. क्रॉइट्झमध्ये पूर्वी सॉस आणि काटे द्यायचेच नाहीत. मीठ, मिरी आणि धूर एवढ्यावर मांस उभं राहिलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला मनापासून पटतो. मांस वजनावर मिळतं. एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, पण चव बघण्यासाठी पाव पाव पौंड मागितलं तरी कुणी नाक मुरडत नाही. ब्रिस्केट घेणाऱ्यांना ‘लीन’ की ‘मॉइस्ट’ असं विचारतील. मॉइस्ट म्हणजे चरबीचा भाग, पहिल्यांदा खाताना तोच घ्या.

शनिवारी टेक्सासात असाल तर लेक्सिंग्टन गावचं स्नोज बघा. ते शनिवारी सकाळी आठलाच उघडतं. ‘टेक्सास मंथली’ मासिकाने २००८ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये त्याला राज्यात पहिलं ठरवलं, आणि १९३५ साली जन्मलेल्या टूट्सी टोमानेट्झ बाईंच्या भट्टीमुळे ते देशभर पोचलं. हे मासिक दर काही वर्षांनी पन्नास ठिकाणांची यादी काढतं आणि २०१३ पासून त्यांच्याकडे फक्त बार्बेक्यूसाठी एक संपादक आहे. मी इतर याद्यांपेक्षा या यादीवर जास्त विश्वास ठेवतो, कारण ती एका राज्यापुरती आहे आणि लिहिणारे खरोखर गावोगाव फिरतात. २०२४ मध्ये मिशेलिन या हॉटेलांना तारे देणाऱ्या मार्गदर्शिकेनेही टेक्सासच्या चार बार्बेक्यू ठिकाणांना तारे दिले. त्यामुळे तिथल्या रांगांना तयार राहा; ज्येष्ठ बरोबर असतील तर आगाऊ ऑर्डर घेतात का ते आधी विचारा. उन्हाळ्यात पाणी आणि टोपी हवीच.

मेंफिस वाटेत घेणार असाल तर कोरड्या मसाल्याच्या रिब्स तिथल्या. रान्देव्हू हे दुकान १९४८ पासून एका गल्लीत आहे. कॅन्सस सिटीही बार्बेक्यूसाठी नावाजलेली, पण ती तुमच्या वाटेवर नाही, यावेळी सोडून द्या.

खरा आनंद उत्तर कॅरोलायनात आहे आणि तिथे एकाच राज्यात दोन पंथ आहेत. पूर्वेकडे अख्खं डुक्कर रात्रभर निखाऱ्यांवर शिजवून, बारीक चिरून, व्हिनेगर आणि मिरचीत कालवतात. पश्चिमेकडे, लेक्सिंग्टनच्या बाजूला, फक्त खांद्याचा भाग आणि व्हिनेगरमध्ये थोडं टोमॅटो. (हे लेक्सिंग्टन वेगळं. टेक्सासात एक, इथे एक, केंटकीत तिसरं. गाडीच्या नकाशात राज्याचं नाव नीट बघा.) एडनचं स्कायलाइट इन १९४७ पासून चालू आहे, छतावर अमेरिकी संसदेसारखा घुमट आहे, आत मोजकेच पदार्थ, आणि चिरताना कुरकुरीत कातडीही त्यातच मिसळतात. मांस आंबट-तिखट लागतं, म्हणून गोड सॉसला कंटाळलेल्या मराठी जिभेला ते फार भावेल असं मला वाटतं. या राज्यात लाकडावरच शिजवणाऱ्यांना प्रमाणपत्र देणारी एक मोहीमही आहे, ‘ट्रू क्यू’ नावाची. त्यांची यादी नेटवर आहे, ती जरूर वापरा.

आता गोमांस आणि डुकराचं मांस न खाणाऱ्या तुमच्या घरातल्या दोघांबद्दल, कारण त्यांना दोन आठवडे कोशिंबिरीवर ठेवणं बरोबर नाही. टेक्सासच्या बहुतेक चांगल्या दुकानांत धुरी दिलेली टर्की मिळते आणि ती चांगल्या हातची असेल तर अतिशय रसाळ असते. अलाबामात डिकेटर गावी बिग बॉब गिब्सन १९२५ पासून आहे. हिकरीवर शिजवलेली कोंबडी मेयोनेझ, व्हिनेगर आणि मिरीच्या पांढऱ्या सॉसमध्ये बुडवून देणं ही त्यांचीच चाल. अंडं चालत असेल तर नक्की खा. आणि वाट थोडी वाकडी करायची तयारी असेल तर केंटकीतलं ओवेन्सबरो गाठा. त्या भागात मेंढीचं मटण तासन्‌तास हिकरीवर ठेवून काळसर आंबट रसाबरोबर वाढतात. मूनलाइट नावाचं मोठं दुकान प्रसिद्ध आहे. मटण खाणाऱ्या माणसाला आख्ख्या प्रवासात हे गाव सगळ्यात आपलं वाटेल.

मात्र पथ्य कडक असेल तर हे स्पष्ट माहीत हवं: भट्टी एकच असते, बरेचदा पाट आणि सुरीही एकच. पाट पुसून, सुरी बदलून कापाल का असं नम्रपणे विचारलं तर बहुतेक जण ऐकतात, पण भट्टी वेगळी होत नाही. शाकाहारी वाटणाऱ्या गोष्टींतही मांस असतं. राजम्यासारख्या बीन्समध्ये आणि शिजवलेल्या पालेभाजीत डुकराचे तुकडे सर्रास घालतात. स्कायलाइट इनच्या मक्याच्या ब्रेडमध्येही डुकराची चरबी असते. सॉसेज विचारल्याशिवाय घेऊ नका. बटाट्याचं सॅलडही विचारूनच घ्या. कोबीचं स्लॉ, लोणचं, कांदा, साधा पांढरा ब्रेड हे सहसा निर्धास्त. आणखी एक, धुरामुळे मांसाच्या कडेला गुलाबी पट्टा येतो, टर्की-कोंबडीतही येतो. ते कच्चं नसतं, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

याद्यांत सहसा न सापडणारं एक सांगतो, कारण मला ते महत्त्वाचं वाटतं. या साऱ्या खाण्यामागे कृष्णवर्णीय कारागिरांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट आहेत. कॅन्सस सिटीचं बार्बेक्यू हेन्री पेरींपासून सुरू झालं. दक्षिण कॅरोलायनातल्या हेमिंग्वेसारख्या छोट्या गावात वाढलेल्या रॉडनी स्कॉट यांना २०१८ मध्ये जेम्स बियर्ड हा अमेरिकेतला मानाचा पाककला पुरस्कार मिळाला. पण अशी कितीतरी कौटुंबिक दुकानं जाहिरात करत नाहीत आणि नेटवर मागे पडतात. पेट्रोल पंपावर, टायरच्या दुकानात, मोटेलच्या काउंटरवर विचारा की तुम्ही स्वतः शनिवारी कुठून आणता? हा ‘तुम्ही स्वतः’ महत्त्वाचा, नाहीतर पाहुण्यांना सांगायचं ठरलेलं नाव मिळतं. चर्चच्या किंवा अग्निशमन दलाच्या मदतनिधीसाठी रस्त्याकडेला बार्बेक्यू विकतात, तसा फलक दिसला तर गाडी थांबवा.

दिवसाला एकच ठिकाण ठेवा, दुसऱ्याला पोटात जागा राहत नाही. आणि वार आधी ठरवा: टेक्सासात शनिवार, कॅरोलायनात सोमवार ते शनिवार. तिथली बरीच जुनी दुकानं, एडनचं आणि लेक्सिंग्टनचं धरून, रविवारी बंद असतात. कुठल्या दिवशी कुठे असाल ते खाली लिहिलंत तर त्या टप्प्यावरची नावं मी सुचवीन.