वाचक विचारतात : टाय-डाउन रिंग मध्येच अडकते

प्रश्न : घरी बांधलेल्या दोन आसनी विमानाच्या डाव्या पंखाखाली दोर बांधायची, आटे पाडलेल्या दांड्याची रिंग हाताने तीन-चार फेरे जाते, तेही डुगडुगत, आणि मग एकदम अडकते. पाना लावून पिळली, तर काढताना आट्यांवर ॲल्युमिनियमचा चुरा आला. टॅप (भोकात आटे पाडायचे हत्यार) मारून भोक साफ करू का?

उत्तर : टॅप आत्ता नको, पानाही नको. आधी मोजा. आट्यांत रंग किंवा प्रायमर शिरला असता, तर रिंग पहिल्या फेऱ्यापासूनच जड गेली असती. आधी सैल आणि मग घट्ट, याचा अर्थ बहुधा पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, जुळत नाही. भोक एम १० या मेट्रिक मापाचे आणि रिंग ३/८ इंची, इंचाला १६ आट्यांची असेल, तर नेमके असेच होते. एम १० चा व्यास १० मिमी, पिच १.५ मिमी, ३/८ चा व्यास ९.५२५ मिमी, पिच १.५८७५ मिमी. व्यास कमी म्हणून रिंग आत शिरते, पण दर आट्याला जवळपास ०.०९ मिमीचा फरक साठत जातो आणि तीन-चार आट्यांत मोकळीक संपते. त्यापुढे जोर केला की स्टील ॲल्युमिनियम कापत जाते.

रिंगच्या दांड्याचा व्यास व्हर्नियरने आणि आटे पिच गेजने तपासा, भोकाचे माप नकाशात बघा. मग भोकाच्याच मापाचा टॅप तेल लावून हाताने फिरवा आणि त्याच मापाची रिंग घ्या. ॲल्युमिनियममध्ये आट्यांची पकड व्यासाच्या निदान दीडपट हवी : एम १० ला १५ मिमी, म्हणजे पूर्ण १० फेरे. चार फेऱ्यांवर विमान बांधून ठेवू नका. वादळात पंखाची उचल वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाने वाढते.

आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवता येते. त्याला स्वतःचा मोठा टॅप लागतो, साधा चालत नाही. पण भोक असलेला हा ठोकळा स्पारला, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईला, जोडलेला असतो, भोक वाढले की कडेचा धातू कमी होतो. ड्रिल लावण्यापूर्वी विमानाच्या डिझायनरला विचाराच.

प्रश्न : रिंग पूर्ण बसते, पण तिचे कडे दोराला आडवे येते. पाव फेरा उलटा फिरवला तर चालेल?

उत्तर : नाही. कॉलर (कड्याखालची रुंद पट्टी) टेकलेली नसली की तिरका ताण रिंगला थेट आट्यांच्या मुळाशी वाकवतो. कॉलर टेकलेली असतानाही ४५ अंशांच्या ओढीत अशा रिंगची (आय बोल्टची) क्षमता सरळ ओढीच्या तुलनेत बरीच घटते, आणि कड्याच्या आडव्या दिशेने ओढ तर मुळीच देऊ नये. कॉलरखाली पातळ वॉशर घाला : १.५ मिमी पिचला पाव फेरा म्हणजे सुमारे ०.४ मिमी. तार वाकवून केलेले, सांधा उघडा असलेले कडे असेल तर ते काढून फोर्ज केलेले (तापवून ठोकून घडवलेले) लावा. आट्यांना तांबे किंवा ग्रॅफाइट असलेले ग्रीस लावू नका, ओलाव्यात त्याने ॲल्युमिनियम खाल्ले जाते.