इलेक्ट्रिकलची डिग्री परवडते का? फीच्या आधी वर्षं मोजा

प्रश्न असा आहे: टेक्निशियनची नोकरी आत्ता मिळते आहे. दुसरीकडे कर्ज काढून चार वर्षांची इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची डिग्री करता येईल. घातलेले पैसे वसूल होतील का, आणि कधी?

उत्तर आधी देतो. डिग्री वेळेत पूर्ण झाली आणि पुढे खरोखर डिग्री लागते असं काम मिळालं, तर वसूल होतात. यातली एक अट जरी हुकली तरी स्वस्त कॉलेजही महाग पडतं. बहुतेक जण फीच्या आकड्यापाशीच अडतात, पण हिशेब कागदावर मांडला की फी मागे पडते.

टेक्निशियनची वर्षाची हातात येणारी कमाई १०० धरा आणि ती दरवर्षी ५ ने वाढते असं माना. डिग्रीच्या चार वर्षांत बुडालेली कमाई होते १००, १०५, ११० आणि ११५, म्हणजे ४३०. फी वर्षाला ६० धरली तर २४०. पुस्तकं, लॅपटॉप, सुटे भाग वगैरे जास्तीचा खर्च ४०. जेवण आणि राहणं यात धरू नका, ते नोकरी करतानाही लागणारच. सुट्टीतल्या कामातून ३० मिळाले असं समजा. एकूण गुंतवणूक ६८०, आणि त्यातली फी जेमतेम एक तृतीयांश.

पाचव्या वर्षी टेक्निशियन १२० वर असतो. इंजिनिअर १५० वर सुरू करतो आणि वर्षाला १५ ने वाढतो असं धरू. फरक पहिल्या वर्षी ३०, मग ४०, मग ५०. ही बेरीज ६८० ओलांडते ती नोकरीच्या दहाव्या वर्षी, म्हणजे प्रवेशापासून चौदाव्या. यात व्याज धरलेलं नाही.

आता एकेक आकडा बदलून बघा. फी निम्मी केली तर वसुली फक्त एक वर्ष अलीकडे येते. त्याउलट एक वर्ष वाया गेलं आणि डिग्रीला पाच वर्षं लागली, तर वसुली प्रवेशापासून सतराव्या वर्षी जाते. तीन वर्षांचा फटका, कारण जास्तीची फी, बुडालेला पगार आणि उशिरा सुरू झालेली पगारवाढ हे तिन्ही एकदम लागतात. आणि डिग्री घेऊनही टेक्निशियनच्याच स्वरूपाचं काम करत राहिलात, म्हणजे फरक ३० वरच थांबला, तर नोकरीची २३ वर्षं लागतात. ही सगळी मांडणी स्वतःचे आकडे घालून अर्ध्या तासात करता येते. प्रवेशाआधी नक्की करा.

कर्जाचं वेगळं बघायला हवं, कारण तिथे पहिल्या दोन वर्षांत हात आखडतो. वर्षाच्या सुरुवातीला ६० असं चार वेळा घेतलं, व्याजदर १० टक्के आणि शिकताना काहीच भरलं नाही, तर डिग्री संपेपर्यंत २४० चे सुमारे ३०६ झालेले असतात. दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांत फेडायचं तर वर्षाला साधारण ४९ जातात. म्हणजे इंजिनिअरच्या हातात पहिल्या वर्षी १०१ राहतात, तेव्हा टेक्निशियनकडे १२० असतात. दुसऱ्या वर्षी ११६ विरुद्ध १२५. बरोबरी तिसऱ्या वर्षी. घरी कोणी अवलंबून असेल तर ही दोन वर्षं आधीच बोलून ठेवा. शिकताना निदान व्याज भरत राहिलात तर मुद्दल २४० वरच थांबतं आणि एकूण परतफेडीत ४५ च्या आसपास वाचतात. त्या व्याजाची निम्मी रक्कम सुट्टीतल्या ३० मधूनच निघते.

आता दुसरी अट: डिग्रीशिवाय न मिळणारं काम म्हणजे नेमकं कोणतं? एक उदाहरण घेऊ. १००० केव्हीएचा (केव्हीए हे क्षमतेचं एकक) थ्री-फेज ट्रान्सफॉर्मर, दुय्यम म्हणजे वीज बाहेर देणारी बाजू ४०० व्होल्ट, इम्पिडन्स, म्हणजे करंटला होणारा आतला अडथळा, ५ टक्के. पूर्ण भाराचा करंट सुमारे १४४३ अँपिअर. टर्मिनलवरच शॉर्ट झालं तर १४४३ भागिले ०.०५, म्हणजे जवळजवळ २९ हजार अँपिअर. तिथे २५ केएचा (केए म्हणजे हजार अँपिअर) ब्रेकर, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडणारा स्विच, बसवला असेल तर तो फॉल्ट, म्हणजे शॉर्टचा करंट, तोडताना फुटू शकतो, म्हणून ३६ केएचा लागतो. इम्पिडन्स ६ टक्के असेल तर आकडा २४ केए येतो आणि २५ चा ब्रेकर कागदावर बसतो. पण चालू असलेल्या मोटर्स पहिल्या काही सायकलमध्ये स्वतःही फॉल्टला करंट पुरवतात, त्यामुळे तो १ केएचा फरक भरवशाचा नाही. ब्रेकर बदलणं हे कौशल्याचं काम आहे आणि चांगला टेक्निशियन ते इंजिनिअरपेक्षा नीट करतो. पण कोणता ब्रेकर हे ठरवणं, वरच्या आणि खालच्या रिलेंच्या (बिघाड ओळखून ब्रेकरला तोडायला लावणाऱ्या उपकरणांच्या) वेळा जुळवणं आणि त्या कागदावर सही करणं, पगारातला वाढता फरक या जबाबदारीचा असतो.

म्हणून शाखा निवडताना मी हाच निकष लावतो. पॉवर सिस्टिम आणि प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे वीजजाळं आणि त्याचं बिघाडापासून संरक्षण, वाढ सावकाश होते, पण सहीला किंमत आहे आणि अनुभव जुना होत नाही. पॉवर इलेक्ट्रॉनिक्समध्ये, म्हणजे इन्व्हर्टर, चार्जर, मोटर ड्राइव्ह, सिद्धांत आणि हातकाम दोन्ही लागतात. गेट ड्रायव्हरचं, म्हणजे मॉस्फेट हे इलेक्ट्रॉनिक स्विच चालू-बंद करणाऱ्या सर्किटचं, लेआउट चुकलं की मॉस्फेट जळतात, आणि का जळले ते सांगणारा माणूस सहज मिळत नाही. माझं मत विचाराल तर आज डिग्रीचं सगळ्यात चांगलं चीज इथे होतं. चिप डिझाइनमध्ये पगार उत्तम, पण बहुतेक ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण मागतात, तेव्हा चारऐवजी सहा वर्षांचा हिशेब मांडा. एम्बेडेडमध्ये, म्हणजे यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या कामात, कॉम्प्युटरवाले आणि स्वतः शिकलेले लोकही स्पर्धेला असतात. पीएलसी (कारखान्यातली यंत्रं चालवणारा कंट्रोलर) आणि पॅनेलचं काम करायचं असेल, तर स्पष्ट सांगतो, डिप्लोमा आणि साइटचा अनुभव पुरतो. तिथे डिग्रीचा फरक फारसा वाढत नाही.

वर्ष कुठे वाया जातं तेही ठरलेलं आहे: सर्किट, सिग्नल्स अँड सिस्टिम्स आणि इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स. तिन्हींच्या मुळाशी कॉम्प्लेक्स नंबर आणि डिफरन्शियल इक्वेशन आहेत. ती कच्ची असली की मुलं सूत्रं पाठ करून पहिलं वर्ष काढतात आणि दुसऱ्यात अडकतात. प्रवेशाआधी दोन-तीन महिने स्वतःला तपासा. १० ओहम रोध आणि १० ओहम इंडक्टिव्ह रिअॅक्टन्स सिरीजमध्ये असतील तर इम्पिडन्स २० का नाही, १४.१४ का, आणि पॉवर फॅक्टर ०.७०७ कुठून आला, हे आकृती काढून दुसऱ्याला समजावता आलं पाहिजे. १ किलोओहम आणि १ मायक्रोफॅरड जोडा. कपॅसिटर १ मिलिसेकंदात ६३ टक्के चार्ज होतो हे आधी गणिताने काढा, मग ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या उपकरणावर) पाहा. दोन्ही जुळल्यावर आनंद झाला तर पुढची चार वर्षं जड जात नाहीत.

कॉलेजला सरासरी पगार विचारू नका. दोन-चार मोठ्या पगारांनी सरासरी फुगते. मध्यक, म्हणजे सगळे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, विचारा आणि तो किती जणांच्या माहितीवर काढलाय तेही विचारा. त्याहून महत्त्वाचं, प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जण चार वर्षांत बाहेर पडतात? प्रयोगशाळा स्वतः बघा. एका ऑसिलोस्कोपभोवती सहा जण उभे असतील तर नॉब एकाच्याच हातात असतो.

मान्यता तपासताना संस्थेची नव्हे, त्या अभ्यासक्रमाची तपासा, आणि ती कोणत्या वर्षापासून लागू आहे ते बघा. परदेशात काम करायचा विचार असेल तर १९८९ चा वॉशिंग्टन करार महत्त्वाचा. सदस्य देशांच्या संस्था एकमेकांचे मान्यताप्राप्त इंजिनिअरिंग अभ्यासक्रम समकक्ष धरतात. ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ असं नाव असलेली डिग्री सहसा २००१ च्या सिडनी कराराच्या चौकटीत येते आणि तिथून परवान्याचा रस्ता बऱ्याचदा लांबचा असतो. नावं इतकी सारखी की लोक फी भरल्यावर विचारतात.

नोकरी सांभाळून अर्धवेळ डिग्री करायची सोय असेल तर ४३० चा सगळ्यात मोठा आकडाच गळतो, मग सहा-सात वर्षं लागली तरी हिशेब बसतो. फक्त प्रयोगशाळेचे तास शिफ्टशी टक्कर घेत नाहीत ना, ते वेळापत्रक हातात घेऊन बघा. फी मालक भरणार असेल तर बाँड किती वर्षांचा, अर्धा काळ काम करून सोडलं तर रक्कम त्या प्रमाणात कमी होते की पूर्ण परत द्यावी लागते, आणि डिग्रीनंतर पद बदलणार का, हे तिन्ही लेखी घ्या. पद बदलणार नसेल तर फुकटच्या डिग्रीनंतरही फरक ३० च्या पुढे सरकत नाही.