‘नीटनेटकं’ या शब्दावरून

प्रिय बेटा,

वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह.

परवा फोनवर तू फार बोलला नाहीस, पण तुझ्या आईकडून सगळं कळलं. मुलाखत चांगली झाली आणि शेवटी साहेब म्हणाले, ‘ग्राहकांसमोर बसायचंय, जरा नीटनेटकं दिसावं लागेल.’ तू ‘हो सर’ म्हणून उठून आलास. आता त्या ‘हो सर’चाच तुला जास्त त्रास होतोय, त्यांच्या बोलण्याचा कमी. बरोबर ना?

तो त्रास करून घेऊ नकोस. अशा वेळी जिभेवर ऐनवेळी काही येत नाही. मला आज पासष्टीतही येत नाही. आणि नीटनेटकेपणाचंच म्हणशील, तर रोज दोनदा कंघा फिरवून केस बांधणाऱ्या, सकाळी आरशासमोर उभं राहून दस्तारीचा, म्हणजे पगडीचा, एकेक पेच बसवणाऱ्या पोराला हे कोण शिकवणार? त्यांना म्हणायचं होतं वेगळंच. ते त्यांच्या तोंडून, नाहीतर त्यांच्या लेखणीतून, स्वच्छ बाहेर येऊ दे.

म्हणून आज रात्री चार ओळींचा ईमेल लिही. भेटीबद्दल आभार मान, आणि विचार: ‘दिसण्याबाबत आपण जे सुचवलंत ते माझ्या दस्तारीविषयी होतं का? ती माझ्या धर्माचा भाग आहे, कामावर मी ती घालूनच येईन.’ बस. राग नको, भाषण नको. तोंडी टोमणा लेखी उतरवायची वेळ आली की माणसं शब्द जपून वापरतात. कदाचित ‘तसं नव्हतं हो’ असं उत्तर येईल. ते खरं की खोटं, हे शोधत बसू नकोस, कागदावर आलं एवढं पुरे. नोकरी नाहीच मिळाली, तर निदान कशामुळे ते कळेल.

घटनेचा अनुच्छेद २५ मात्र त्यांच्या तोंडावर फेकू नकोस. कृपाण धारण करणं आणि बाळगणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग आहे, असं त्याच्या स्पष्टीकरणात लिहिलंय, आणि ते तुला पाठ असायलाच हवं. पण मूलभूत हक्कांचा तो अनुच्छेद मुख्यतः सरकारशी बोलतो. खाजगी कचेरीत त्याने दार उघडेलच असं नाही. रस्त्यावर हवालदाराने अडवलं तर गोष्ट वेगळी. दस्तार बांधलेल्या शिखाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्येच हेल्मेटमधून सूट आहे, आणि ते शांतपणे सांगता येतं. विमानतळावरही तसंच: देशांतर्गत प्रवासात पातं सहा इंचांपर्यंत आणि एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत असेल तर कृपाण नेता येतं. माप घरीच घेऊन जा. रांगेत वाद घालून विमान चुकवलेले लोक मी पाहिलेत.

कृपाणाला घाबरणाऱ्यावर चिडू नकोस. त्याला पातं दिसतं, ते अडकवायचा खांद्यावरून आलेला पट्टा, गातरा, दिसत नाही. कॅनडात, क्यूबेकमधल्या एका शाळेत, २००१ साली बारा वर्षांच्या मुलाचं कृपाण पटांगणात खाली पडलं आणि मोठा गहजब झाला. प्रकरण त्यांच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००६ मध्ये निकाल मुलाच्या बाजूने लागला. पण मला त्यातलं जास्त काय आवडतं सांगू? घरच्यांनी आधीच कबूल केलं होतं की कृपाण लाकडी म्यानात, कपड्यांच्या आत शिवून ठेवू. समोरच्याच्या भीतीची सोय बघितली म्हणजे आपण हरलो, असं नाही.

आता ‘बारा वाजले’ हा सरदारजींवरचा जुना विनोद. बँकेत माझ्या शेजारच्या टेबलावरचा एक सहकारी रोज दुपारी घड्याळाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. सहा महिने मी त्याच्याबरोबर हसलो. चूक तिथे झाली. आपण हसलो की त्याला वाटतं, दोघांचाच खेळ आहे. शेवटी एकदा हिशोब मिटवल्यावर त्याला बाजूला घेऊन म्हटलं, ‘मला हे आवडत नाही.’ तो ओशाळला, दुसऱ्या दिवसापासून गप्प. बाकीचे दोघं मात्र माझी बदली होईपर्यंत चालूच होते. २०१७ साली सरदारजींवरच्या विनोदांचा विषय सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालय म्हणालं की लोकांनी कसं वागावं याचे नैतिक नियम आम्ही घालून देऊ शकत नाही. मला ते पटतं. आपल्यातले काही जण बारा वाजण्यामागची शौर्याची गोष्ट सांगून तोंड बंद करू बघतात. मी नाही सांगत. पूर्वजांचा पराक्रम दाखवल्यावरच मिळणारा मान मला नको.

आणखी एक, आणि हे महत्त्वाचं. कोणी दाढी-दस्तारीकडे बघून दहशतवादी वगैरे बरळला, तर ‘आम्ही मुसलमान नाही हो’ असं घाईने म्हणू नकोस. अमेरिकेत ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर चारच दिवसांनी मेसा शहरात बलबीरसिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपासमोर गोळी घातली गेली. त्यानंतर पुष्कळांच्या तोंडी हे वाक्य येऊ लागलं. त्याचा अर्थ काय होतो बघ: दगड मारायचाच असेल तर पलीकडच्या घरावर मार.

आणि समज, उद्या कंटाळून तुला केस कापावेसे वाटले, तर आधी मला फोन कर. रागावणार नाही. १९८४ च्या नोव्हेंबरात दिल्लीत जीव वाचवायला केस कापलेली माणसं नंतर नांदेडला मत्था टेकायला आली होती, त्यांना हिणवणारे मला तेव्हाही आवडले नाहीत. पण एका मुलाखतीपायी नको. १६९९ मध्ये आनंदपूरला गुरू गोबिंदसिंगांच्या हाकेवर जे पाच जण उठून उभे राहिले, त्यांतले भाई साहिबसिंग बिदरचे. उदगीर ओलांडलं की बिदर. ‘पंजाबचे का?’ असं कोणी विचारलं तर हे सांग, लोकांना गंमत वाटते.

कुतूहलाने विचारणाऱ्याला मात्र वेळ दे. कॉलेजच्या होस्टेलवर माझा खोलीमित्र पहिल्या आठवड्यात म्हणाला, ‘ही टोपी झोपताना काढतोस का रे?’ मी म्हटलं, टोपी नाही, दस्तार. आणि ओलं कापड काढून त्याच्या हातात एक टोक दिलं. सहा मीटर कापड, तो दाराबाहेर व्हरांड्यात, मी आत खिडकीशी. ताणायचं, घडी घालायची, पुन्हा ताणायचं. पाणी थेंबथेंब त्याच्या पायांवर पडत होतं. त्यानंतर तीन वर्षं ही अशी पूणी करायला तोच, आणि माझे पेच वाकडे झाले की मला सांगणाराही तोच.

तुझी आई सांगत होती, पुण्यात दुसरं टोक धरायला कोणी नाही म्हणून तू घड्या पडलेलंच कापड बांधतोस. दाराच्या कडीला टोक बांधूनही पूणी होते. पण आधी त्या सोलापूरच्या रूममेटला विचारून बघ.

तुझे,
चाचाजी