दहावीची त्रिकोणमिती एसएटीला पुरते का?

तुम्ही राज्य मंडळाची दहावी झालात, आता एसएटी (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) द्यायची आहे आणि काटकोन त्रिकोणाच्या प्रश्नांसाठी वेगळा क्लास लावावा का, असं विचारलंय. मी याच परीक्षेचं गणित शिकवतो. क्लास लावू नका. उलट दहावीतलं बरंच काही बाजूला ठेवा. सेक, कोसेक, कॉट आणि 'डावी बाजू = उजवी बाजू' सिद्ध करणं, यातलं तिथे काही विचारत नाहीत. (एवढी पाठ केलेली नित्यसमानता वाया गेली म्हणून मुलं हळहळतात.)

लागतं ते साइन, कोसाइन, टॅन आणि पायथागोरस. समजा, त्रिकोण अबक मध्ये कोन क काटकोन, टॅन अ = 5/12 आणि कर्ण अब 39 आहे. बाजू बक किती? स्क्रीनवर डेसमॉस कॅल्क्युलेटर असतो, म्हणून मुलं आधी कोन अ काढायला धावतात. कोन कुणी मागितलाच नाहीये! रफ कागदावर 5, 12, 13 चा छोटा त्रिकोण काढा. 39 ही तेराची तिप्पट, म्हणून बक 15. समरूप त्रिकोण देऊन साइन विचारला तरी हेच: बाजू कितीही मोठ्या असोत, गुणोत्तर बदलत नाही.

कोटिकोनांचा प्रश्नही आवडीचा. साइन (2क + 13)° = कोसाइन (3क + 7)° आणि दोन्ही कोन लघुकोन असतील, तर कोनांची बेरीज 90, म्हणून क = 14. झालं.

खरी गोम 45-45-90 मध्ये आहे. बाजूंची गुणोत्तरं सूत्रांच्या पानावर मिळतात (साइन-कोसाइनच्या व्याख्या मात्र मिळत नाहीत). तरी समद्विभुज काटकोन त्रिकोणाची परिमिती 20 + 20√2 दिली की हुशार मुलंही 20√2 ला कर्ण समजून एकेक बाजू 10 धरतात. पण बाजू 10 असेल तर कर्ण 10√2 च होईल. इथे कर्ण 20 आहे आणि 20√2 ही दोन बाजूंची बेरीज, म्हणजे प्रत्येक बाजू 10√2. असे पाच-सहा प्रश्न हाताने सोडवा.

गणिताच्या एका मोड्यूलला (म्हणजे भागाला) 22 प्रश्न, 35 मिनिटं. उत्तर टाइप करायचं असेल तिथे 5/13 सारखं उत्तर तसंच लिहा, दशांशात नेऊ नका. आणि कॅल्क्युलेटर वापरायचाच झाला तर तो अंशात आहे की रेडियनमध्ये (कोन मोजायचं दुसरं एकक), ते आधी बघा.