प्रागमध्ये एकच दिवस हाताशी आहे. पायी फिरून काय काय बघून होईल?

बरंच काही होईल, कारण जुनं प्राग लहान आहे. फक्त सुरुवात वरून करा. सकाळी २२ नंबरची ट्राम पकडून किल्ल्याच्या बाजूला उतरा, म्हणजे पुढचा सगळा रस्ता उताराचा. किल्ल्याच्या आवारात फिरायला तिकीट लागत नाही, पण सेंट व्हायटस कॅथेड्रलचं जरूर काढा. १३४४ साली सुरू झालेलं हे बांधकाम पूर्ण व्हायला १९२९ उजाडलं!

मग नेरुदोवा रस्त्याने सावकाश खाली या. इथे घाई करू नका, दारांच्या वर बघत चला. घरांना नंबर नव्हते तेव्हा लोक अशा चिन्हांवरून घर ओळखायचे: कुठे तीन व्हायोलिन, कुठे दोन सूर्य. मला तर किल्ल्यापेक्षा हा रस्ता जास्त आवडतो.

खाली चार्ल्स पूल. त्यावर ३० पुतळे आहेत. त्यातल्या सेंट जॉन नेपोमुकच्या चौथऱ्यावरचा ब्राँझचा भाग लोकांच्या हात लावण्याने सोन्यासारखा चकचकीत झालाय. दुपारी गर्दी असतेच, तिला इलाज नाही.

पूल ओलांडून जुन्या शहराच्या चौकात १४१० सालचं खगोलीय घड्याळ. तासाच्या ठोक्याआधी पाच-दहा मिनिटं पोहोचा. येशू ख्रिस्ताच्या प्रेषितांच्या मूर्ती खिडक्यांतून फिरतात तेव्हा बाजूचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो, त्याच्याकडेही लक्ष ठेवा.

आणि बूट जाड तळव्याचेच घाला. सगळीकडे दगडी फरसबंदी आहे, पातळ चपलांत संध्याकाळपर्यंत पाय भरून येतात.