वाचकांचे प्रश्न : एका इंचाला एक फूट

प्रश्न : अर्धांगवायूनंतर आई चाकाच्या खुर्चीत आहे. जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे. दारापुढे ५ बाय ५ फुटांचा ओटा, त्याला तीन पायऱ्या, उंची साधारण दीड फूट. घराच्या भिंतीपासून कंपाउंडपर्यंत ११ फूट अंगण, रुंदी २६ फूट. दार उजव्या कडेला आणि गेट त्याच्यासमोर. गवंडी म्हणतो, पायऱ्या बुजवून ६ फुटांचा उतार टाकून देतो, दोन दिवसांचं काम. चालेल का?

उत्तर : नाही. दीड फूट उंचीला ६ फूट लांबी म्हणजे १:४ चा उतार. तो मोटारसायकल चढवायला ठीक आहे, माणसाला नाही. आईंचं वजन ६५ किलो आणि खुर्चीचं १८ धरलं, तर १:४ वर ढकलणाऱ्याला सुमारे २० किलोचा जोर सतत लावावा लागेल. उतरताना तेवढाच भार त्याच्या मनगटांवर येईल. १:६ वर तो १४ किलोंच्या आसपास येतो, १:१२ वर ७. केंद्र सरकारच्या २०२१च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांतही १:१२चंच प्रमाण आहे. गवंड्याला गुणोत्तर सांगत बसू नका. ‘एका इंचाला एक फूट’ एवढंच सांगा. जागा किती आहे ते पाहून लांबी ठरवायची नसते. उंची लांबी ठरवते आणि जागा फक्त वळणं ठरवते.

आता उंची. दीड फूट हा तुमचा अंदाज बहुधा पायऱ्यांशेजारी मोजलेला आहे. पावसाचं पाणी गेटकडे जावं म्हणून अंगणाला दहा फुटांत दोनेक इंचांचा ढाळ असतो. त्यामुळे रॅम्पचा पायथा जिथे टेकणार तिथली जमीन आणखी खाली असते. गवंड्याच्या पारदर्शक लेव्हल पाइपात पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, एक टोक ओट्याच्या कडेला आणि दुसरं ठरलेल्या पायथ्याशी धरून फरक मोजा. तुमच्याकडे तो २० इंच निघेल असं धरून पुढचा हिशेब केला आहे. वेगळा निघाला तर प्रत्येक इंचामागे एक फूट वाढवा किंवा कमी करा.

२० इंचांना २० फूट. सरळ रेषेत ओट्याचे ५, रॅम्पचे २० आणि पायथ्याशी वळायला ५ असे ३० फूट लागतील. तुमच्याकडे २६ आहेत. म्हणून रॅम्प दोन तुकड्यांत घ्या. ओट्यापासून डावीकडे भिंतीला समांतर १२ फूट, त्यात १२ इंच उतरा. तिथे सपाट विसावा ५ फूट लांब आणि साडेआठ फूट खोल. मग उलट वळून गेटच्या दिशेने ८ फूट, उरलेले ८ इंच. रॅम्पची बाहेरून रुंदी ४ फूट, दोन्ही तुकड्यांमध्ये भिंतीसाठी ६ इंच. सगळं मिळून २२ फूट लांबी आणि साडेआठ फूट खोलीत बसतं. डाव्या कोपऱ्यात दुचाकीपुरते ४ फूट उरतात. खालच्या तुकड्याचं टोक ओट्यापासून ४ फूट अलीकडे थांबतं, त्यामुळे पायथ्याला मोकळी जागा मिळते. पायऱ्या ४ फूट रुंदीच्या करून तशाच ठेवा, तोडू नका. चालणाऱ्याला, विशेषतः काठी घेऊन चालणाऱ्याला, उतारापेक्षा पायरी बरी वाटते. गेट आत उघडत असेल तर ते पायथ्याच्या जागेत फिरणार नाही याची आधी खात्री करा.

आखणी करताना जमिनीखाली काय आहे ते विसरू नका. सोलापुरात पाणी रोज येत नाही, म्हणून बहुतेक अंगणांत हौद असतो. त्याचं झाकण, ड्रेनेजचा चेंबर, पाण्याचा कॉक रॅम्पखाली गेला की पहिल्याच तुंबणीला काँक्रीट फोडावं लागतं. हौदाच्या स्लॅबवर मुरमाचा भरावही घालू नका. तेवढ्या भागात लोखंडी अँगलची चौकट आणि वर चेकर्ड (उठावाच्या नक्षीचा) पत्रा करा, तो उचलता येतो.

बांधकाम असं. काळी माती असेल तर निदान फूटभर काढून टाका. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाका, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. एकदम दोन फूट ओतून वरून ठोकलेला मुरूम पहिल्या पावसात बसतो. कडेच्या भिंती विटांच्या किंवा ब्लॉकच्या. वर ४ इंच जाडीचं काँक्रीट, सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण १ : दीड : ३, त्यात ८ मिलिमीटर सळईची ८ इंच अंतरावर दोन्ही बाजूंनी जाळी. तुमच्या मापाला काँक्रीटचा पृष्ठभाग सुमारे १२२ चौरस फूट येतो. त्याला सिमेंट १० पोती, वाळू १८ घनफूट, खडी ३६ घनफूट, सळई ५० किलो, मुरूम दोन ते अडीच ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागेल. भिंतींचं सामान वेगळं.

काँक्रीट ओतण्याआधी आणि ओलं असताना उतार तपासा. चार फूट लांबीची सरळ फळी उतारावर ठेवा, तिच्यावर स्पिरिट लेव्हल. खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचला. टोकाखालचं अंतर ४ इंच यायला हवं. ५ आलं तर थापी चालवण्याआधी दुरुस्त करून घ्या. हे तीन-चार ठिकाणी करा. सरासरी बरोबर असूनही शेवटचे दोन फूट खडे निघतात, कारण पायथ्याशी लांबी कमी पडली की गवंडी ती तिथेच मारून नेतो. खुर्चीची पुढची चाकं लहान असतात, ती नेमकी तिथेच अडकतात.

पृष्ठभागाला घोटाई नको, म्हणजे तो गुळगुळीत करू नका. काँक्रीट आवळत आलं की खराट्याने आडव्या रेघा ओढा, उताराला काटकोनात. एप्रिल-मेमध्ये काम असेल तर काँक्रीट पहाटे किंवा संध्याकाळीच टाका. उतारावर आळं करून पाणी साठत नाही, म्हणून ओली गोणपाटं अंथरा आणि दहा दिवस ती सुकू देऊ नका. नळाच्या वेळापत्रकाशी हे आधीच जुळवून घ्या.

दोन्ही कडांना ४ इंच उंचीचा कठडा, म्हणजे चाक बाहेर जाणार नाही. त्याची जाडी ३ इंच धरली तर मध्ये साडेतीन फूट मोकळे राहतात, खुर्चीला पुरेसे. रेलिंग दोन्ही बाजूंना, दोन उंचींवर : ३० इंच आणि ३६ इंच. त्यासाठी दुकानात सव्वा इंची म्हणून मिळणारा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप घ्या. त्याचा बाहेरचा व्यास ४२ मिलिमीटर असतो आणि मुठीत नीट बसतो. दोन-अडीच इंची पाइप दिसायला भक्कम, पण पकडता येत नाही. भिंतीपासून दोन इंच अंतर ठेवा, टोकं उताराच्या पुढे फूटभर काढून आत वळवा. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी उघड्या पाइपाला हात लावता येत नाही, म्हणून वर सुती नवार गुंडाळा किंवा पीव्हीसीचं आवरण चढवा.

ओट्याला दारापासून बाहेरच्या दिशेने ५ फुटांत एक इंच ढाळ पुरे. जाळीचं दार बाहेर उघडत असेल तर खुर्ची मागे घ्यायला जागा उरत नाही. ते आत उघडणारं करा किंवा सरकतं. कोलॅप्सिबल गेट असेल तर त्याची खालची पट्टी बहुधा इंचभर वर असते. ती फरशीत बुजवून घ्या, नाहीतर वीस फूट चढून आलेली खुर्ची शेवटच्या इंचाला अडते.

प्रश्न : साखर पेठेतल्या जुन्या वाड्यात आम्ही भाड्याने राहतो. दारापुढे ८ इंचांची एकच पायरी आणि आत २ इंचांचा उंबरा. मालक बांधकामाला तयार नाहीत. काही काढता-घालता येण्यासारखं सांगा.

उत्तर : पायरीसाठी घडीचा अ‍ॅल्युमिनियम रॅम्प मिळतो, पण जाहिरातीतली लांबी पाहून घेऊ नका. ८ इंचांना नियमाने ८ फूट. मागे धडधाकट माणूस असेलच असेल तर ५ फुटांवर भागवता येतं, एकट्याने वापरायचा असेल तर नाही. खुर्ची आणि माणसाचं वजन एकत्र करून त्याच्या किमान दीडपट क्षमतेचा घ्या. विजेवर चालणारी खुर्ची पुढेमागे घेणार असाल तर हे आताच पाहा. ती माणसाशिवायच साध्या खुर्चीच्या दुप्पट-तिप्पट भरते.

सुताराकडून करायचा असेल तर १९ मिलिमीटर वॉटरप्रूफ प्लाय, खाली दीड बाय तीन इंची पट्ट्यांची चौकट, मध्ये फूटभर अंतरावर आडवे आधार. रुंदी ३ फूट. कडांना दोन इंची पट्टी. वरच्या टोकाला पायरीवर चार इंच टेकणारी पट्टी आणि तिच्यातून जाणारे दोन खिळे किंवा हुक हवेतच. कारण चढताना खुर्ची रॅम्पला मागे ढकलते आणि नुसता टेकवलेला रॅम्प पायरीवरून सुटून खाली येतो. या प्रकारच्या रॅम्पवर होणारे अपघात बहुधा असेच. पृष्ठभागावर रंग ओला असताना बारीक वाळू भुरभुरवा.

उंबरा तोडायची गरज नाही आणि घरातली मोठी माणसं तो तोडूही देणार नाहीत. आतून-बाहेरून दोन लाकडी पाचरी करा, प्रत्येकी २ फूट लांब, २ इंचांवरून उतरत जाणाऱ्या. पातळ कड तीन-चार मिलिमीटरवर थांबवा. त्याहून बारीक केली की तुटते. खाली रबर चिकटवा. दोन्ही पाचरी आणि उंबरा एका पातळीत आले की खुर्ची सलग जाते. हळदी-कुंकवाच्या वेळी उचलून ठेवता येतात.

उतरवताना एक सवय लावा. उतार जरा जरी खडा असेल तर खुर्चीची पाठ उताराच्या खालच्या बाजूला करून, ढकलणाऱ्याने मागे सरकत उतरायचं. सरळ तोंडाने उतरवलं की बसलेली व्यक्ती पुढे घसरते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी होटगी रोडला घर बांधलं तेव्हाच रॅम्प केला. उतार बरोबर आहे. पण दाराजवळ तो इंचभर खाली बसलाय आणि वर लावलेली पॉलिश शहाबादी पावसात फार घसरते.

उत्तर : घराचा पाया मुरमापर्यंत गेलेला असतो, रॅम्प बहुधा काळ्या मातीवर. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते; घर जागेवर राहतं आणि रॅम्प वरखाली होतो. त्यात गच्चीचं पाणी उतरवणारा पाइप रॅम्पच्या मुळाशी सुटत असेल किंवा तिथे झाडांना पाणी घालत असाल, तर खचण्याला हातभार लागतो. आधी तो पाइप चार-पाच फूट लांब न्या. जोडावर सिमेंट भरत राहू नका, दरवर्षी फुटेल. अर्धा इंच फट ठेवून तीत लवचिक सीलंट भरा. वर फूटभर रुंदीचा ४ मिलिमीटर चेकर्ड अ‍ॅल्युमिनियम पत्रा, घराच्या बाजूला स्क्रूने पक्का आणि रॅम्पच्या बाजूला मोकळा, कडा घासून उतरत्या केलेल्या. रॅम्प हलला तरी पत्रा त्याच्यावर सरकत राहतो. पुढच्या पावसाळ्यानंतर खचणं वाढलेलं दिसलं, तर तेवढा भाग उकरून मुरूम भरण्याला पर्याय नाही.

फरशी काढायची घाई नको. दगडकाम करणाऱ्याकडून तिच्यावर आडव्या ओळींत टाकी मारून, म्हणजे छिन्नीने टोचे मारून घ्या. चिकटपट्टीचा अँटिस्किड रोल सोलापूरच्या धुळीत आणि उन्हात फार टिकत नाही. तो सावलीतल्या रॅम्पलाच लावावा. शेवाळ धरत असेल तर ब्लीचिंग पावडरने घासा आणि नीट धुऊन टाका. आणि रांगोळी रॅम्पवर नको. कोरडी रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी, तिच्यावर ढकलणाऱ्याची चप्पल सटकते. ती पायऱ्यांच्या बाजूला काढा.

प्रश्न : अपार्टमेंटच्या प्रवेशाला ५ पायऱ्या आहेत. पुढे जागा नाही, म्हणून रॅम्प गेटबाहेर रस्त्यापर्यंत काढावा असं काही जण म्हणतात.

उत्तर : गेटबाहेर एक फूटही नको. ती जागा आणि तिथली गटार महापालिकेची. अतिक्रमण म्हणून रॅम्प पाडला जाऊ शकतो आणि तोपर्यंत खुर्ची वाहनांच्या वाटेत उतरते. ५ पायऱ्या म्हणजे साधारण ३० इंच उंची, म्हणजे ३० फूट रॅम्प. एका दमात चढवायची हीच कमाल उंची, त्यापुढे मध्ये विसावा हवाच. बाजूच्या मोकळ्या पट्टीत किंवा पार्किंगच्या कडेने एवढी लांबी निघते का पाहा. पार्किंगमधून लिफ्टपर्यंत पायरी नसेल, तर रॅम्पऐवजी तोच रस्ता दुचाक्या हलवून कायमचा मोकळा ठेवणं स्वस्त पडेल. कोणताही मार्ग निघाला तरी मापांसकट कागदावर आखणी करून समितीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लांबी कुठेच निघत नसेल तर उभी वर-खाली जाणारी लहान व्हीलचेअर लिफ्ट हा उपाय आहे. तिला साधारण ५ बाय ५ फूट जागा लागते. वीज गेल्यावर हाताने खाली आणता येते की नाही, हे घेण्याआधी विचारून घ्या.