शंका-समाधान : सीओ, पीओ आणि अटेनमेंटचा हिशेब

(सीओ, म्हणजे कोर्स आउटकम : एका पेपरानंतर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे ते. पीओ, म्हणजे प्रोग्रॅम आउटकम : संपूर्ण पदवीनंतर काय करता आलं पाहिजे ते. अटेनमेंट : ते प्रत्यक्षात कितपत साधलं त्याचं मोजमाप.)

प्रश्न : बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी ‘विद्यार्थ्यांना अनुमापन (टायट्रेशन) समजेल’ असा सीओ आम्ही लिहिला होता. अंतर्गत तपासणीत त्यावर लाल खूण आली. चुकलं काय?
– सहायक प्राध्यापिका, सातारा

उत्तर : ‘समजेल’ हे परीक्षकाला दिसत नाही, म्हणून त्याला गुणही देता येत नाहीत. टेबलापाशी उभं राहून जे पाहता येईल, ते क्रियापद घ्या. उदाहरणार्थ : ‘दिलेल्या सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची नॉर्मॅलिटी प्रमाणित ऑक्झॅलिक आम्ल वापरून काढेल, तीन वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळतील.’ काय करायचं, कशावर आणि कितपत बिनचूक, हे तिन्ही त्यात आलं.

आता त्याचा रुब्रिक, म्हणजे गुण कशाला किती द्यायचे त्याचा तक्ता. चार मुद्दे, प्रत्येकाला ० ते ३ गुण. पहिला, मांडणी : ब्युरेट सोडियम हायड्रॉक्साइडनेच खंगाळला का, टोकातला हवेचा बुडबुडा काढला का, शंकूपात्र फक्त पाण्याने धुतलं का. दुसरा, वाचन : डोळा पातळीत, नजर द्रावणाच्या खालच्या कडेवर. तिसरा, अंतिम बिंदू : फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला पाहिजे, गडद गुलाबी झाला म्हणजे थेंब जास्त पडले. चौथा, गणित.

शंकूपात्र आम्लाने खंगाळणं ही नेहमीची चूक. पिपेटने मोजून घेतलेल्या १० मिलीपेक्षा जास्त आम्ल पात्रात राहतं, ब्युरेटचं वाचन वाढतं आणि नॉर्मॅलिटी कमी येते. तिन्ही वाचनं मात्र एकमेकांशी छान जुळू शकतात, म्हणून नुसता सीबीआर (ब्युरेटचं स्थिर, जुळलेलं वाचन) पाहून ही चूक सापडत नाही. त्यासाठीच चारही मुद्द्यांचे गुण वेगळ्या रकान्यांत ठेवा. १२ पैकी ९ या एका आकड्यावरून तीन गुण कुठे गेले ते कळणार नाही.

एका पेपरला चार ते सहा सीओ पुरेत. दहा-बारा लिहिले तर प्रत्येकाला पुरेसे प्रश्नच मिळत नाहीत.

प्रश्न : आमचं कॉलेज संलग्न आहे. विद्यापीठाकडून फक्त पेपरचे एकूण गुण येतात, प्रश्नवार नाहीत. मग सीओनिहाय अटेनमेंट काढायचं कसं?
– आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) समन्वयक, नांदेड

उत्तर : ही अडचण बहुतेक संलग्न कॉलेजांची आहे. एक हिशेब करून पाहू.

वर्ग ६० जणांचा. अंतर्गत चाचणीत सीओ-३ वर १० गुणांचा प्रश्न, लक्ष्य ६ गुण. प्रश्न ५४ जणांनी सोडवला, ३६ जणांनी लक्ष्य गाठलं, म्हणजे ६७ टक्के. पातळ्या ६०, ७० आणि ८० टक्क्यांवर अनुक्रमे १, २, ३ अशा ठरवल्या असतील (एनबीए, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन मंडळ, त्याच्या नमुन्यात असंच उदाहरण आहे, पण ठरवायचं कॉलेजनेच), तर अंतर्गत पातळी १. विद्यापीठाच्या ७० गुणांच्या पेपरात लक्ष्य ४२, ते ६० पैकी ४४ जणांनी गाठलं. ७३ टक्के, पातळी २. अंतर्गत आणि विद्यापीठ यांचा भार ३०:७० धरला तर ०.३ + १.४ = १.७. विद्यार्थी सर्वेक्षणातून ३ पैकी २.६ आले आणि प्रत्यक्ष (परीक्षा) आणि अप्रत्यक्ष (सर्वेक्षण) भार ८०:२० असला, तर १.३६ + ०.५२ = १.८८.

खरी गोम इथे आहे. विद्यापीठाचा तो २ याच पेपरच्या सगळ्या सीओंना जसाच्या तसा लागतो. अंतर्गत पातळी ० असो की ३, प्रत्यक्ष अटेनमेंटमध्ये जास्तीत जास्त ०.९ चा फरक पडतो. मग सगळे सीओ सारखेच दिसतात आणि अहवालात ‘समाधानकारक’ असं लिहून फाइल बंद होते. म्हणून १.८८ अहवालाला द्या. विभागाच्या बैठकीत मात्र अंतर्गत चाचणीतला तो १ समोर ठेवा.

दोन सूचना. चाचणीत पर्यायी प्रश्न ठेवू नका. ज्यांना तो भाग जमत नाही तेच प्रश्न सोडतात आणि टक्केवारी फुगते. वरच्या उदाहरणातले सहा जण बहुधा तेच. आणि उत्तीर्णतेचे ४० टक्के हे लक्ष्य धरू नका. मागच्या तीन वर्षांची सरासरी पाहून ते ठरवा.

प्रश्न : मॅपिंगच्या तक्त्यात सगळीकडे ३ भरले तर पीओ अटेनमेंट वाढतं का?
– विभागप्रमुख, अकोला

उत्तर : वाढेलच असं नाही. मॅपिंग म्हणजे कोणत्या सीओचा कोणत्या पीओशी किती संबंध, हे १ ते ३ आकड्यांत लिहिणं. पीओ काढताना हा आकडा भार म्हणून येतो. मॅपिंग ३, २, १ आणि सीओ अटेनमेंट २.४, १.५, २ असेल तर (७.२ + ३ + २) ÷ ६ = २.०३. सगळीकडे ३ ठेवलं तर निव्वळ सरासरी निघते, १.९७. म्हणजे या उदाहरणात तोटाच. शिवाय गणिताच्या पेपरचा ‘पर्यावरण’ पीओशी ३ चा संबंध कसा, हे कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या तज्ज्ञांनी (पीअर टीमने) विचारलं तर उत्तर कोण देणार? संबंध नसेल तिथे रेघ ओढा.

प्रश्न : शेवटच्या वर्षी आमच्याकडून निर्गमन सर्वेक्षणाचा फॉर्म भरून घेतात. त्यानं आमच्या गुणांवर परिणाम होतो का?
– टी.वाय.ची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : नाही. त्यातून कॉलेज अभ्यासक्रमाचं मोजमाप करतं, तुमचं नाही. म्हणून प्रामाणिकपणे भरा. फॉर्म करणाऱ्यांना मात्र एक सांगणं : ‘तुम्ही समाधानी आहात का?’ यावर सगळे ‘हो’च म्हणतात. ‘या सत्रात तुम्ही स्वतः, कुणाच्या मदतीशिवाय, किती अनुमापनं पूर्ण केली?’ असं विचारा. फॉर्म हॉल तिकिटासोबत हातात देऊ नका, त्या रांगेत कुणी प्रश्न वाचत नाही.